कॉलेजच्या टीमला जनरल मॅनेजर कशाला लागतो?

प्रश्न: काका, मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, बीकॉमचं शेवटचं वर्ष. युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीममधे पॉइंट गार्ड होतो, मग गुडघा गेला. आता खेळणं बंदच. यूट्यूबवर बघितलं की अमेरिकेत कॉलेजच्या टीमलासुद्धा जनरल मॅनेजर असतो आणि पोरांच्या जाहिरातींचे करार वगैरे तो सांभाळतो. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, हे कसलं काम, गुपचूप बँकेची परीक्षा दे. हे खरंच करिअर आहे का? आणि ग्वाल्हेरच्या माणसाला तिथे कोण उभं करणार?
(एक माजी पॉइंट गार्ड)

उत्तर: आधी बाबांवर चिडू नकोस, कारण २०२१ च्या आधी हे काम या स्वरूपात खरंच नव्हतं, त्यांनी ऐकलं नसेल तर त्यात त्यांची काय चूक.

आमच्या वेळची गंमत सांगतो. आम्ही एक टूर्नामेंट जिंकलो तर बाड्याजवळच्या एका दुकानदाराने टीमचा फोटो उचलून सरळ त्याच्या कॅलेंडरवर छापला, वर आम्ही दहा जण हाफ चड्डीत आणि खाली दुकानाचं नाव. आम्हाला काय मिळालं तर प्रत्येकी एक कॅलेंडर. आई वर्षभर त्यावर दुधाचा हिशोब लिहायची, मार्चपर्यंत माझ्या तोंडावर दीड लिटर, दोन लिटर असं सगळं लिहून झालं होतं. आम्हाला वाटायचं केवढा मान!

अमेरिकेत एड ओबॅननला हेच वाटलं नाही. हा यूसीएलए या युनिव्हर्सिटीकडून १९९५ ची कॉलेज बास्केटबॉलची चॅम्पियनशिप जिंकलेला खेळाडू, पुढे एका व्हिडिओ गेममधे त्याला स्वतःसारखाच दिसणारा प्लेअर सापडला आणि त्याचा एक पैसा त्याला मिळालेला नव्हता, म्हणून २००९ मधे त्याने कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएएवर केस ठोकली. ते भांडण लांबलं, त्यात इतर केसेस आल्या, कॅलिफोर्नियाने २०१९ मधे स्वतःचा कायदा केला आणि शेवटी १ जुलै २०२१ पासून एनसीएएने पोरांना स्वतःचं नाव, फोटो आणि ओळख विकून कमवायची मोकळीक दिली. तिकडे याला एनआयएल म्हणतात.

मग काय, प्रत्येक टीममधे गोंधळ. कोचने पोरांना डिफेन्स शिकवायचा की बुटांच्या कंपनीचा कागद वाचायचा? ड्यूक युनिव्हर्सिटीने २०२२ मधे नायकी आणि एनबीएत, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधे, काम केलेल्या रेचल बेकरला आणून बसवलं, आणि लक्षात घे, ती कोच नव्हती. सप्टेंबर २०२४ मधे एनबीएच्या बातम्या फोडणारा एड्रियन वोज्नारोव्स्की ईएसपीएन या खेळांच्या चॅनेलची गलेलठ्ठ नोकरी सोडून सेंट बोनाव्हेंचर या तो शिकला त्याच छोट्या कॉलेजच्या टीमचा जनरल मॅनेजर झाला. एनबीएचा स्टार स्टेफ करी त्याच्या जुन्या डेव्हिडसन कॉलेजचा असिस्टंट जनरल मॅनेजर आहे, पण ते नावापुरतं धर, त्याला काही त्या पगारावर घर चालवायचं नाहीये. तू बघितलेला व्हिडिओ बहुतेक अशाच कोणाचा असणार.

खरं काम फार रुक्ष आहे रे. जून २०२५ मधे कोर्टाने हाऊस केसची, म्हणजे खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर केलेल्या आणखी एका केसची, तडजोड मंजूर केली, तेव्हापासून कॉलेज स्वतःच्या कमाईतून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सगळे खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलर, म्हणजे आपले जवळपास पावणेदोनशे कोटी रुपये. ऐकायला प्रचंड वाटतं, पण मोठ्या कॉलेजात त्यातला मोठा घास त्यांचा अमेरिकन फुटबॉल खातो, उरलेल्यात पंधरा पोरांची बास्केटबॉल टीम बसवायची. सेंटरच्या जागी खेळणाऱ्या पोराला जास्त दिले तर शूटिंग गार्ड खेळणारा बॅग भरतो, कारण आता वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलता येतं, त्यामुळे सीझन संपला की तो दुसरीकडे भाव विचारून येतो. बाहेरच्या कंपनीचा करार ६०० डॉलरचा किंवा वरचा असेल तर एनआयएल गो नावाच्या पोर्टलवर दाखवावा लागतो, तिथे तपासतात की ही खरी जाहिरात आहे की कोणी श्रीमंत फॅन जाहिरातीच्या नावाखाली पोराला पगार देतोय. म्हणजे दिवसभर एक्सेल, वकिलांचे फोन, कोणाचा तरी मामा एजंट म्हणून येऊन बसलाय, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला सांगायचं की बाबा रे तुझी किंमत तुला वाटते तेवढी नाहीये. हे शेवटचं ज्याला नीट जमतं तो टिकतो असं माझं मत. तुझं बीकॉम इथे कामी येतं, उगाच लाजू नकोस.

आता जायचं कसं. तिकडे स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं मास्टर्स करताना टीमकडे ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा मिळवणं हा नेहमीचा दरवाजा, टॉवेल उचलण्यापासून व्हिडिओ कापण्यापर्यंत सगळं करावं लागतं. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना कॅम्पसमधे आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि डिग्रीनंतर साधारण १२ महिने, इंजिनिअरवाल्यांना मिळतात ती जादा दोन वर्षं या विषयाला सहसा मिळत नाहीत. म्हणून कर्ज काढून जाणार असशील तर हा बारा महिन्यांचा हिशोब बाबांसमोर स्वतःहून ठेव, त्यांनी विचारायची वाट बघू नको. व्हिसाचा हा त्रास खेळाडूंनाही आहे बरं का, केंटकी युनिव्हर्सिटीचा खेळाडू ऑस्कर शीब्वे मूळचा काँगोचा, अमेरिकेत राहून कमावणं अडचणीचं म्हणून २०२२ मधे टीम बहामाजला गेली तेव्हा त्याने तिथे जाहिरातींचं काम उरकलं. ही आयडिया ज्याला सुचली तो खरा मॅनेजर.

आणि जायच्या आधी रेसकोर्स रोडवर एलएनआयपीईत जाऊन ये. १९५७ पासून शारीरिक शिक्षणाची एवढी मोठी संस्था आपल्या गावात आहे आणि आपण तिच्यासमोरून नुसते गाडी काढतो. तिथल्या लोकांशी बोल, कोणत्या खेळाडूचे कागद कोण बघतं ते विचार. बहुतेक कोणीच बघत नसतं. पुढचं पत्र त्याचाच पुरावा आहे.

प्रश्न: मुलगी सोळा वर्षांची, राज्याच्या बास्केटबॉल टीममधे आहे. एक स्पोर्ट्सवाला दोन जोड बूट आणि पंधरा हजार देतोय, तीन वर्षं फक्त त्याचेच बूट घालून इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचे. मुलीने सही करूनही टाकली! आता काय?
(एक आई, मोरार)

उत्तर: ताई, घाबरू नका, आपल्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलीने केलेला करार मुळात उभाच राहत नाही. दुकानदाराला चहाला बोलवा आणि पालकांच्या सहीने नवा कागद करा. तीन वर्षं मात्र अजिबात नको, या वयात पाय वाढतो आणि भावही वाढतो, एक वर्ष पुरे. "फक्त त्याचेच" हे शब्द नीट बघा, उद्या राज्याच्या टीमला दुसऱ्या कंपनीचं किट आलं तर तुमची मुलगी बाकावर बसणार का? टीमच्या सामन्यांना सूट, असं लिहून घ्या. फोटो किती आणि करार संपल्यावर ते दुकानाच्या बोर्डावरून कधी उतरणार, हेही. पैसे घेऊन टाकलेल्या पोस्टवर जाहिरात असं स्पष्ट लिहावं लागतं. बूट स्वतःकडे ठेवले तर तीही कमाईच धरतात, वर्षाला २०,००० रुपयांच्या वर अशा वस्तू दिल्या तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस भरायचा असा नियम १ जुलै २०२२ पासून आहे, म्हणून बिलाची कॉपी मागून घ्या.

आणि नाव फुकट वापरलं तर गप्प बसायचं नाही. टोकियोच्या ब्राँझनंतर सिंधूचं अभिनंदन करता करता कितीतरी कंपन्यांनी स्वतःचा लोगो चिकटवला, तेव्हा तिचं काम बघणाऱ्यांनी सरळ नोटिसा पाठवल्या होत्या.

प्रश्न: सतनाम सिंगने कॉलेजमधून किती कमावले असतील?
(बिननावी पोस्टकार्ड)

उत्तर: शून्य. तो कॉलेजकडून खेळलाच नाही, फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीतून थेट २०१५ च्या एनबीए ड्राफ्टला, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, गेला आणि डॅलसने त्याला ५२ वा घेतला.