भाची बालगृहात, आणि समिती बसतच नाही!

प्रश्न: माझी बहीण गेली, मेहुणे दारूत. पोलिसांनी ८ वर्षांच्या भाचीला बालगृहात ठेवलंय. मी सख्खा मामा, तिला घरी न्यायला तयार आहे, पण दोन महिने झाले, बाल कल्याण समितीकडे (मूल कुणाकडे राहील ते तीच ठरवते) तारीख तारीख चाललंय, मागच्या वेळी तर गेलो तर त्यांच्या दाराला कुलूप. काय करू?

उत्तर: दादा, तुमचा राग बरोबर आहे. बाल न्याय कायदा २०१५ सरळ सांगतो की संस्था हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब, नातेवाईक. बाल कल्याण समितीत अध्यक्ष आणि ४ सदस्य, महिन्यातून किमान २० दिवस बसायचं, सामाजिक तपासणी (म्हणजे मुलाच्या घरची-कुटुंबाची चौकशी) १५ दिवसांत आणि शेवटचा आदेश ४ महिन्यांत. कागदावर सगळं झकास हो, पण जागा रिकाम्या राहिल्या की कोरमच (निर्णयाला लागणारे किमान सदस्य) होत नाही आणि पोरं मात्र आतच.

आता तोंडी बोलणं बंद करा. समितीकडे लेखी अर्ज द्या, सोबत आधार, बहिणीचा मृत्यूदाखला, नातं दाखवणारा कागद जोडा आणि पोच म्हणून शिक्का घ्याच, नाहीतर 'अर्ज आलाच नाही' हे ऐकायची तयारी ठेवा. तपासणी झाली का ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. तरी हललं नाही तर कलेक्टरकडे जा, समितीच्या कारभाराची तक्रार ऐकायचं काम कायद्यानं त्यांचंच आहे. आणि भाची घरी आली की राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचा फॉर्म लगेच भरा, महिना २,२५० रुपये मिळतात, वह्या-दप्तराचं तरी निघेल.