अभिवाचन मागच्या रांगेपर्यंत पोचवायचं तर

प्रश्न : आमच्या वाङ्मय मंडळाने बाहेरगावच्या कथालेखिकेचं अभिवाचन ठेवलं होतं. मागे ऐकू गेलं नाही, दीड तासात निम्मी मुलं उठून गेली. कुठे चुकलं?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दीड तास हीच पहिली चूक. सलग वाचन ३० ते ३५ मिनिटं, मग प्रश्नोत्तरं २० मिनिटं, एवढं पुरतं. परिचय ३ मिनिटांत उरका. आपल्याकडे दीपप्रज्वलन आणि सत्कारातच अर्धा तास जातो, आणि लेखिकेवर घाई करायची वेळ येते!

ऐकू न जाण्याचं कारण बहुधा माइकची जागा. वाचणारी व्यक्ती कागदाकडे मान खाली घालते आणि समोर ताठ उभा माइक कपाळाशी राहतो. माइक हनुवटीच्या पातळीला, जरा बाजूला, वीतभर अंतरावर ठेवा. कागदासाठी पोडियम तिरका आणि छातीइतका उंच हवा, म्हणजे मान वरच राहते. स्पीकर माइकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. मागे ठेवलात तर शिट्टी वाजणारच. मंचावरचा पंखा बंद करा. तो पानं उडवतो आणि माइकमध्ये घोंघावतो. आवाजाची चाचणी ‘हॅलो हॅलो’ने नको, एक परिच्छेद वाचून घ्या. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, भरल्यावर दबतो. तेव्हा किंचित वाढवायची तयारी ठेवा.

तारीख? २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास लेखक मिळणं कठीण. प्रवासखर्च आणि मानधन निमंत्रणपत्रातच लिहा.