पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सहा बाय चार फूट जागा आहे. डेक्कन क्वीनच्या मॉडेलसाठी एचओ स्केल (खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान) घ्यावा की एन (१६० पट लहान)?

एचओ घ्या. क्वीनला आता एलएचबी (जर्मन आराखड्याचे, नवे) डबे आहेत. असा खरा डबा साधारण साडेतेवीस मीटरचा, म्हणजे एचओमध्ये (१:८७) सुमारे २७ सेंटीमीटर आणि एनमध्ये (१:१६०) १५ सेंटीमीटरच्या आतबाहेर. तुमच्या सहा फुटी बाजूवर एचओचं इंजिन आणि पाच डबे आरामात उभे राहतात. खरी अडचण वळणाची आहे. सेटसोबत बहुतेकदा १८ इंच त्रिज्येचे रूळ येतात, त्यावर एवढे लांब डबे फार बाहेर झुकतात आणि रुळावरून उतरतातही. २२ इंचांचं वळण घ्या. त्याचा व्यास ४४ इंच होतो, म्हणजे चार फुटांत जेमतेम बसतो. शिवाय भारतीय गाड्या बनवणारे हौशी लोक जास्त करून एचओमध्येच काम करतात, त्यामुळे डबे आणि सुटे भाग मिळवणं सोपं जातं.

एक तडजोड मात्र स्वीकारावी लागेल: एचओच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, तर आपल्या ब्रॉडगेजचं १६७६ मिमी अंतर त्या प्रमाणात १९.३ मिमी हवं, म्हणून गाडी रुळाच्या मानाने थोडी रुंद दिसते.

जागेची रुंदी तीन फुटांवर येत असेल, किंवा बोगदे-पुलांसकट बोरघाट उभारून पूर्ण लांबीची गाडी पळवायची असेल, तर एन. पैसे घालण्याआधी कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर बघा. धावत्या गाड्या समोर पाहिल्या की आकाराचा अंदाज पटकन येतो.