उत्तर: मोड्स सगळे पाठ झाले, तरी वाजवलं की जॅझ वाटत नाही, पुढची लेव्हल घेऊ का?

तुमची पोस्ट वाचून हसू पण आलं आणि पोटात गोळा पण. हार्मोनियम बरीच वर्षं, भजन-नाट्यगीताची साथ, मग कीबोर्ड घेतला, जॅझच्या क्लासला गेलात, दोन लेव्हल झाल्या, डोरियन-मिक्सोलिडियन वगैरे मोड (म्हणजे जॅझवाल्यांची स्वरसप्तकं) सगळे तोंडपाठ, आणि बॅकिंग ट्रॅक (तयार साथीचं रेकॉर्डिंग) लावला की दहाव्या सेकंदाला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. नाव बदललं तर ही माझीच गोष्ट आहे. आता ते लोक तिसऱ्या लेव्हलची फी मागतायत आणि तुम्ही विचारताय भरू का. माझं उत्तर: नका भरू. निदान मी खाली लिहिलंय ते वाचेपर्यंत तरी नको.

आधीच सांगते, मी शिक्षक नाही, स्टेजवर फार वाजवलेलंही नाही, चार जण जमलो की वाजवतो इतपतच. सगळे क्लास वाईट असंही म्हणणं नाही, चांगले शिक्षक आहेत आणि ज्यांना मिळाले ते नशीबवान. मी ज्या क्लासला अडकले त्याचं नाव घेणार नाही, विचारूही नका, व्यनि (खाजगी निरोप) पण करू नका.

तर तिथे काय झालं. पहिल्याच दिवशी मी हार्मोनियमवाली आहे म्हटल्यावर सर खूश, म्हणाले मग तुमचं अर्धं काम झालेलंच आहे, डोरियन म्हणजे तुमचा काफी, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, आयोनियन म्हणजे बिलावल, लिडियन कल्याण, फ्रिजियन भैरवी. ऐकायला इतकं गोड वाटलं की काय सांगू. थाट म्हणून ते बरोबरच आहे, स्वर तेच आहेत. पण पुढची सगळी लेव्हल त्याच्यावरच काढली. कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) आला की त्याचा मोड, कॉर्ड बदलला की मोड बदला, भिंतीवर हा मोठा तक्ता, आणि परीक्षेत विचारणार तोच तक्ता.

आता तुम्हीच कीबोर्डसमोर बसा आणि बघा. पांढरी एक, म्हणजे सी, सा धरा. जॅझमध्ये पावलोपावली येणारी चाल म्हणजे टू-फाइव्ह-वन, सप्तकाच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरचे कॉर्ड, म्हणजे डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. तक्त्याप्रमाणे पहिल्यावर डोरियन, दुसऱ्यावर मिक्सोलिडियन, तिसऱ्यावर आयोनियन. छान. पांढरी दोनपासून डोरियन वाजवा, पांढरी पाचपासून मिक्सोलिडियन वाजवा, पांढरी एकपासून आयोनियन वाजवा. तिन्ही वेळा त्याच सात पांढऱ्या पट्ट्या! तीन नावं पाठ करून हातात एकही नवीन स्वर आला नाही. हे मी क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं की फरक पुढच्या लेव्हलला कळेल. अहो पुढच्या लेव्हलला आणखी एक तक्ता होता.

दुसरं म्हणजे वेळ. मध्यम लयीत, समजा मिनिटाला 120 ठोके, एक बार म्हणजे चार ठोके, म्हणजे मोजून दोन सेकंद. दोन सेकंदांत तुम्ही काफी मांडणार कधी? आपली सवय अशी की राग म्हणजे सावकाश उलगडायचा, एकेक स्वर लावायचा. इथे काफी काफी म्हणेपर्यंत खमाज आला पण आणि गेला पण. म्हणून आपण घाबरून नुसते वर-खाली पळतो आणि रियाजाचे पलटे वाजल्यासारखं वाटतं. तुम्ही लिहिलंय ना "अलंकार वाजवतोय असं वाटतं", ते यामुळेच.

मोड्सचा उपयोग नाही असं नाही हं, लगेच कोणीतरी खाली येऊन ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं नाव घेईल म्हणून आधीच लिहिते. त्याच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बममधलं 'सो व्हॉट' घ्या, तिथे 16 बार डी डोरियन, मग 8 बार अर्धा स्वर वर ई फ्लॅट डोरियन, परत 8 बार डी. म्हणजे पहिल्यांदा जवळजवळ अर्धा मिनिट एकच रंग. तिथे मोडमध्ये विचार करायला जागा आहे, आणि ती जागा मिळावी म्हणूनच त्यांनी कॉर्ड कमी केले होते. माझ्या क्लासने तीच गोष्ट उचलून जिथे दर दोन सेकंदांनी कॉर्ड बदलतो तिथेही चिकटवली. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

बरं, हे सगळं तरी एकवेळ चाललं असतं. मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या अख्ख्या काळात वर्गात एकही रेकॉर्ड वाजली नाही. एक पण नाही! ऐकणं म्हणे घरचा अभ्यास, वर्गाचा वेळ "कंटेंट" साठी. आणि दुसऱ्या कोणाबरोबर वाजवायचं तर चौथी लेव्हल पूर्ण पाहिजे. शेजारच्या खोलीत ड्रमवाला मुलगा एकटा मेट्रोनोमवर ठोकत बसलाय, इकडे मी एकटी, मध्ये एक भिंत, पण एकत्र वाजवायला परवानगी नाही कारण आमच्या लेव्हल जुळत नाहीत. मी ऑफिसात जाऊन विचारलं तर काउंटरवर उत्तर मिळालं अॅकॅडमिकला मेल करा, अॅकॅडमिकचं उत्तर आलं की शिक्षकांशी बोला, शिक्षक म्हणाले माझ्या हातात नाही ऑफिसशी बोला. शेवटी सोडते म्हटल्यावर उरलेल्या फीबद्दल फॉर्मच्या मागच्या बाजूची बारीक ओळ दाखवली. पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे या काळात "आपल्याला जमणारच नाही" हे डोक्यात पक्कं बसलं, ते निघायला फार वेळ गेला. जाऊ दे.

आता तुमचा खरा प्रॉब्लेम, कुठे आहे ते हरवणं. तुम्ही तबला सोलोला कधी लेहरा (एका आवर्तनाची, परत परत वाजवायची चाल) धरला असेलच. तबलजी काय वाटेल ते करतो, तुम्ही तोच लेहरा वाजवत राहता, आणि तो समेवर येतो कारण त्याच्या कानात तुमचा लेहरा चालू असतो. जॅझमध्ये गाण्याची मूळ चाल हाच लेहरा, फरक एवढाच की सोलो सुरू झाल्यावर तो कोणीच वाजवत नाही, तुम्ही मनात वाजवायचा असतो. बेसिस्ट कॉर्ड सांगतोय, ड्रमर लय सांगतोय, पण चाल तुमच्याच डोक्यात. पियानोवाल्या थेलोनियस मंककडून ऐकलेल्या गोष्टी सॅक्सोफोनवाल्या स्टीव्ह लेसीने 1960 साली वहीत लिहून ठेवल्या होत्या, त्यातली एक हीच आहे, पाय हलवत रहा आणि वाजवताना मनात चाल गात रहा. मला हे तक्त्याच्या आधी कोणी सांगितलं असतं तर!

म्हणून सुरुवात ब्लूजपासून करा. 12 बार, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन समजा. पांढरी एक मध्ये: चार बार सी सेव्हन, दोन बार एफ सेव्हन, दोन परत सी, एक जी, एक एफ, शेवटचे दोन सी. जॅझवाले यात आणखी कॉर्ड घालतात, ते नंतर. आणि गाणं घ्या ड्यूक एलिंग्टनचं 'सी जॅम ब्लूज'. त्याच्या चालीत स्वर किती माहितीये? दोन. प आणि वरचा सा. बस्स. सात मोड पाठ केलेल्या माणसाने हे ऐकून थोडा वेळ गप्प बसावं असं आहे. सगळी मजा कुठे पडतोय यात, कुठे थांबतोय यात. 1942 ची रेकॉर्ड ऐका, रे नान्सच्या व्हायोलिनपासून एकेक जण सोलो घेतो. एक सावधान, प्रत्येक सोलोआधी बाकीचे थांबतात आणि चार बार एकट्याचे असतात, ते 12 च्या बाहेरचे आहेत, तिथे तुमची मोजणी चुकेल, घाबरू नका, परत धरा. आधी काहीही न वाजवता नुसती टाळी देत ऐका. टाळी दोन आणि चारवर. आपला हात सवयीने एकवर जातो कारण सम तिथे आहे, हे मोडायला वेळ लागतो. मेट्रोनोम अर्ध्या लयीत लावून त्याचा ठोका दोन आणि चार समजायचा, पहिल्या दिवशी डोकं फिरेल.

मग तुमचा सोलो पण फक्त प आणि सा मध्ये करा. खरंच. कंटाळा येईपर्यंत. मग कोमल ग घ्या, आणि तो शुद्ध गला कण लावल्यासारखा लावा, कारण ब्लूजचा गंधार या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि पट्टीवर तो मिळत नाही. हे हार्मोनियमवाल्याला वेगळं सांगायला नको, मींड न निघण्याचं दुःख आपलं जुनंच.

ब्लूज बसला की टू-फाइव्ह-वन, पण मोडने नाही. प्रत्येक कॉर्डमधले दोनच स्वर धरा, मूळ स्वरापासून मोजून तिसरा आणि सातवा. डी मायनर सेव्हनचे म आणि सा. जी सेव्हनचे म आणि नी. सी मेजर सेव्हनचे ग आणि नी. काय झालं बघा: आधी सा घसरून नी झाला, मग म घसरून ग झाला, आळीपाळीने एकेक स्वर अर्धा खाली उतरतोय. हे सावकाश गाऊन बघा, नुसतं एवढं गायलं तरी जॅझ वाटायला लागतं, कारण कॉर्ड बदलल्याचं कळतं. शिवाय हेच दोन स्वर तुमच्या डाव्या हाताला द्या. आपला डावा हात जन्मभर भाता ओढत होता, त्याला एकदम चार-पाच बोटांचे कॉर्ड देऊ नका, दोन स्वर पुरतात, मूळ स्वर बेसिस्ट वाजवतो.

यानंतर 'ऑटम लीव्ह्ज'. 32 बार, आणि पहिल्या आठातले चार बार काळी पाचला मेजर, पुढचे चार पांढरी पाचला मायनर, एवढं समजलं की अर्धं गाणं हातात (पट्टी जी मायनर धरली तर). सॅक्सोफोनवाल्या कॅननबॉल अॅडर्लीच्या 1958 च्या 'समथिंग एल्स' अल्बममधलं ऐका, चाल माइल्स वाजवतो, सुरुवातीला लांबलचक इंट्रो आहे म्हणून 32 मोजायला चाल सुरू झाल्यावरच लागा. त्यातला माइल्सचा सोलो गाता येईपर्यंत ऐका. वाजवता नाही, गाता. बोटं नंतर आपोआप येतात, निदान आपल्यासारख्यांना, कारण ऐकून उचलायची सवय आपल्याला आहेच, क्लासवाल्यांनी तीच आपला दोष असल्यासारखी दाखवली. पियानोवाला लेनी ट्रिस्टानो त्याच्या विद्यार्थ्यांना सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचे सोलो आधी गायलाच लावायचा. आणि लांब कशाला, आपल्या मुंबईतला चिक चॉकलेट, गोव्याचा ट्रम्पेटवाला, लुई आर्मस्ट्राँगच्या वळणावर इतका तयार झालेला की लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे. सी. रामचंद्रांचं 1951 चं 'अलबेला' परत ऐका, तो आणि त्याचा बँड त्यात आहे. तिथे तक्ता कुठे दिसतो मला सांगा.

हार्मोनियमवाल्यांची एक खास अडचण, जी मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही: पेटीवर पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज सारखाच, कमी-जास्त भात्यावर. त्यामुळे आपल्या बोटांना एकेका स्वरावर वजन द्यायची सवयच नसते. स्विंगचा (जॅझच्या झुलत्या लयीचा) निम्मा जीव त्या वजनात आहे, ठोक्याच्या मधल्या स्वराला थोडा धक्का, ठोक्यावरच्याला कमी. तुम्ही नुसती लांब-आखूड, लांब-आखूड लय पकडलीत तर ते टांग्यासारखं ऐकू येतं. आणि लय जलद झाली की ते लांब-आखूड कमी कमी होत जवळजवळ सरळच होतं, फक्त वजन राहतं. सस्टेन पेडलवरून पाय काढा, लगेच फरक कळेल.

रिअल बुकचं (जॅझ गाण्यांच्या चाली आणि कॉर्ड लिहिलेलं पुस्तक) म्हणाल तर ठेवा जवळ, पण देव मानू नका. 1970 च्या दशकात बॉस्टनमध्ये बर्कली संगीत कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी चोरून छापलेलं पुस्तक, अधिकृत आवृत्ती 2004 ला आली, जुन्या पीडीएफमध्ये चुका भरपूर. रेकॉर्ड आणि पुस्तक भांडले तर रेकॉर्ड खरी. आणि उद्या सॅक्सवाला मित्र मिळाला तर त्याला तुमचं पान देऊ नका, आल्टोला ई फ्लॅटचं आणि टेनरला बी फ्लॅटचं वेगळं पुस्तक असतं, नाहीतर दोघं दोन पट्टीत वाजवाल आणि दोघांनाही वाटेल समोरचा चुकतोय.

माणसं शोधा हो. एक बेस गिटारवाला मिळाला तरी पुरे, तो चार ठोके चालत राहिला की तुमचं निम्मं हरवणं बंद होतं. बॅकिंग ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, माणूस मान हलवून "इथे एक" दाखवतो.

तरी क्लासच लावायचा असेल तर पैसे देण्याआधी ऑफिसात नाही, शिक्षकालाच विचारा: वर्गात आपण काय काय ऐकणार, आणि दुसऱ्यांबरोबर कधी वाजवणार. "पुढच्या लेव्हलला" असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या. आणि आधी भरलेली फी अडकली असेल तर जे काय बोलणं होईल ते मेलवरच, तोंडी कबूल केलेलं नंतर कोणालाच आठवत नाही.

कीबोर्डचं विचारलं होतंत, 61 पट्ट्यांचा चालेल का. चालेल, पण टच सेन्सिटिव्ह (जोरात दाबलं की जोरात वाजणारा) आहे का बघा, नसेल तर वर वजनाचं लिहिलंय ते काहीच जमणार नाही. जड पट्ट्यांचा परवडला तर उत्तमच. पेटी विकू नका मात्र, चाल बसवायला मी अजून तिच्यावरच बसते.