दिवस कुणाचा : गिरकीचा की सूर्याचा?

विचारणा अशी आहे : शुक्रावरचा एक दिवस कुठे २४३ दिवसांचा लिहिलेला आढळतो, कुठे ११७ दिवसांचा. यातलं खरं कोणतं? आणि मंगळावरच्या दिवसाला 'सोल' असं वेगळं नाव कशाला, 'दिवस' म्हटलं तर काय बिघडतं?

शुक्राचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. घोटाळा आहे तो 'दिवस' या शब्दात, आणि तो सोडवायची किल्ली आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे.

'दिवसा झोपू नकोस' यात दिवस म्हणजे उजेडाचा वेळ. 'तीन दिवसांनी ये' यात रात्रही धरलेली आहे. हे दोन अर्थ सगळ्यांच्या ओळखीचे. पण 'दिवस मावळला', 'दिवस कासराभर वर आला' म्हणतो तेव्हा? कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायची दोरी. क्षितिजापासून दोरीभर वर चढतो तो काही वेळ नव्हे, तो साक्षात सूर्य. मराठीत दिवस हे सूर्याचंच एक नाव आहे, आणि मला हा तिसरा अर्थ फार मोलाचा वाटतो.

जुन्या ज्योतिर्गणितात तर याची काटेकोर नावं आहेत. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा तो सावन दिन, आणि तारा पुन्हा उगवेपर्यंतचा तो नाक्षत्र दिन. ('सौर दिन' मात्र जपून वाचावा. जुन्या ग्रंथांत तो सूर्याला राशिचक्रात एक अंश सरकायला लागणारा काळ असतो, तर आजच्या पाठ्यपुस्तकांत माध्यान्हापासून माध्यान्हापर्यंतचा.)

पृथ्वीवर सावन आणि नाक्षत्र दिनांत फरक जेमतेम चार मिनिटांचा. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची गिरकी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते, पण तेवढ्यात ती कक्षेत थोडी पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला आणखी जरासं वळावं लागतं आणि चोवीस तास भरतात. फरक इतका थोडा, की एकच शब्द दोन्हीकडे खपून जातो.

शुक्रावर तो खपत नाही. त्याची गिरकी पृथ्वीच्या २४३ दिवसांची, सूर्याभोवतीची फेरी जवळपास २२५ दिवसांची, आणि गिरकी उलट दिशेने. पृथ्वीवर कक्षेतल्या सरकण्याने सूर्य थोडा उशिरा माथ्यावर येतो. शुक्रावर तेच सरकणं सूर्याला लवकर परत आणतं, म्हणून सुमारे ११७ दिवसांतच पुन्हा उजाडतं. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो, साधारण ५८ दिवस उजेड, तेवढीच रात्र. ढग इतके दाट की जमिनीवरून सूर्याचं बिंब दिसायचंच नाही, नुसता आभाळभर मंद उजेड वाढत जाईल.

तेव्हा 'शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा' हे वाक्य, कितीही चटकदार असलं, तरी माझ्या मते मराठीत चूक आहे. दिवस उगवतो आणि मावळतो, आणि शुक्राच्या एका वर्षात तो जवळजवळ दोनदा उगवतो. २४३ला 'परिवलनकाळ' म्हणावं. शब्द शाळेच्या भूगोलातला आहे, सगळ्यांना कळतो. आणि 'शुक्राचा एक दिवस ११७ दिवसांचा' असंही लिहू नये, 'पृथ्वीच्या ११७ दिवसांएवढा' लिहावं, म्हणजे एकाच वाक्यात दोन ग्रहांचे दिवस एकमेकांत मिसळत नाहीत.

आता मंगळ. तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा, आपल्यापेक्षा दीड घटकेहून किंचित जास्त. फरक लहान, पण म्हणूनच फसवा. मंगळावरच्या उजेडाप्रमाणे काम आखणाऱ्या माणसाची पाळी रोज चाळीस मिनिटांनी पुढे ढकलली जाते आणि अडीच आठवड्यांत त्याची सकाळ संध्याकाळच्या सुमाराला जाऊन बसते. 'दहाव्या दिवशी' म्हटलं तर कुठला दहावा? म्हणून १९७६च्या व्हायकिंग मोहिमांपासून 'सोल' रुळला. लॅटिनमध्ये सोल म्हणजे सूर्य, आणि आपला 'सूर्य' त्याच मूळ घराण्यातला. म्हणजे मराठीत दिवसाला जो तिसरा अर्थ आहे, त्याच वाटेने हा शब्दही आला.

'मंगळदिन' असा प्रतिशब्द सुचवला जातो. तो मला पटत नाही. ळचा ल झाला की 'मंगलदिन', म्हणजे शुभदिवस. 'भौमदिन' म्हणावं तर भौम म्हणजे मंगळ, तसंच भूमीचा, पृथ्वीचाही. नेमका ज्या दोन ग्रहांत फरक करायचा तेच त्यात एक होतात. त्यापेक्षा सोलच ठेवावा, आणि दिवसासारखाच पुल्लिंगी चालवावा : दहावा सोल, नव्वद सोल, दर सोलाला.