डायपर बदललेल्या हातांनी देवाला हाक मारली तर चालेल का?

"मावशी, लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली म्हणून आम्ही कांजूरमार्गला चौदाव्या मजल्यावर भाड्याने आलो आणि तीन महिन्यांत मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मुलगी कॉलेजला गेली की दिवसभर मी आणि ते. मजल्यावर कुणाचं नावही माहीत नाही. मी रोज पूजा करणारी बाई, पण आठ महिने देवासमोर बसणं झालेलं नाही. डायपर बदलून हात कितीही धुतले तरी निरांजनाला लावावेसे वाटत नाहीत, आणि बसलेच तर शब्द येत नाहीत, नुसता राग येतो. देवाशी माझं नातं तुटलं का?" (वय ४४)

अगं पोरी, तुटलं असतं तर तू एवढी चिडली असतीस का त्याच्यावर?

आधी त्या हातांचं बोलू, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच लागलं. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, दळण, कांडण, झाडलोट, शेण हे तिचं दिवसभराचं काम, आणि आपल्याकडे पिढ्यानपिढ्या काय सांगतात, तर विठोबा तिच्यासोबत जात्याला बसला, तिच्यासोबत गोवऱ्या थापायला आला. ती आंघोळ करून सोवळं नेसून येईपर्यंत तो गाभाऱ्यात थांबून राहिला असं कुणी सांगत नाही. शेणाच्या हातांना ज्याने जवळ केलं तो आजारी नवऱ्याची सेवा करणाऱ्या हातांना दूर लोटेल हे मला पटतच नाही, आणि तुला तसं कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं सांगितलंय. साबणाने हात धू आणि खुशाल निरांजन लाव. नाही जमलं तर नको लावू, डायपर बदलतानाच त्याच्याशी बोल.

आणि रागाचं म्हणशील तर त्याच जनीने विठोबाला अभंगातून चक्क शिव्या दिल्यात. तुकोबा दुष्काळात बायको-मूल गमावून बसले, तेही विठ्ठलाशी किती भांडलेत. आपण ते सगळं भक्ती म्हणूनच गातो ना? मग तुझा राग तेवढा पाप कसा?

माझं सांगते. २०२० मध्ये माझी आई हॉस्पिटलमध्ये होती, आत कुणालाच सोडत नव्हते, फोन केला की "स्टेबल आहेत" एवढंच. दर एकादशीला मी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जायची, त्यालाही कुलूप. आषाढीच्या आदल्या दिवशी टीव्हीवर दाखवत होते, वारी रद्द म्हणून संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्यात, फुलांनी सजवलेली गाडी, आणि मी कुकर घासत होते, हात तसेच राखेने भरलेले, आणि मोठ्याने ओरडले, तुझ्या भेटीला यायला त्यांना एसटी मिळते आणि मला माझ्या आईपर्यंत जायला रस्ता मिळत नाही होय रे! शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं एवढी ओरडले. आई परत आली नाही. पण कित्येक आठवड्यांनी त्या रात्री मला झोप लागली, कारण तोपर्यंत मी पोथी वाचत होते, जप करत होते, पण खरं काही बोललेच नव्हते त्याच्याशी. तेव्हापासून माझी प्रार्थना अशीच आहे, ओट्यापाशी, मोठ्याने, जे असेल ते. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी नुसतं "विठ्ठला, मी इथे आहे" म्हणते आणि कणीक मळते.

आता मिस्टरांचं. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं काम डावी बाजू बघते, झटका तिथे बसला की उजवा हातपाय आणि बोलणं एकदम जातं. पण लहानपणापासून पाठ असलेलं, चालीत म्हटलेलं असं बरंच काहींचं शाबूत राहतं, साधं "पाणी" म्हणता येत नाही तो माणूस आरतीची ओळ म्हणून जातो. सगळ्यांचंच होतं असं नाही, म्हणून स्पीच थेरपिस्टला आधी विचार. पण चाळीच्या गणपतीत वीस वर्षं ज्यांनी आरतीला आवाज दिला असेल त्यांच्या शेजारी बसून संध्याकाळी तू आरती सुरू तर करून बघ, हळू, टाळीवर, ओळ अर्धी सोड आणि थांब. घाई करू नकोस, ओळ त्यांच्या तोंडात कोंबू नकोस. नुसते ओठ हलले तरी त्या दिवशी तुझ्या घरात दोघांची प्रार्थना झाली.

आणि एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगणार, देव आहे म्हणून माणसं नकोत असं करू नकोस. चाळीतल्या बायका पांगल्या असतील, कुणी विरारला कुणी बदलापूरला, पण फोन तर आहेत ना, संध्याकाळी सातला दिवा लावताना एकीला व्हिडिओ कॉल लाव, शुभंकरोती तिच्याबरोबर म्हण. शेजारच्या दाराची बेल तूच आधी वाजव, वाटीभर साखर माग हवी तर. आणि कधी जगणंच नकोसं वाटायला लागलं तर १४४१६ वर फोन कर, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही उचलतात. देवाचा धावा करता करता तो फोनही करायचा, दोन्ही.

मला परत लिही. आरतीतला कुठला शब्द त्यांच्या तोंडून आधी आला ते कळव, मी वाट बघतेय.

तुझी मावशी