१०८ची माणसं घरातच ईसीजी का काढतात?

वाळपईत वडिलांच्या छातीत दुखू लागलं, १०८ आली, पण तडक बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न निघता माणसं घरातच ईसीजी काढत बसली. हा वेळ वाया गेला का, असं तुम्ही विचारलंय. नाही गेला. कुठे न्यायचं आणि वाटेत काय द्यायचं, हे त्या पट्टीवरच ठरतं.

पेशंटपाशी पोचल्यापासून १० मिनिटांत १२ लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणारा, ईसीजी निघायला हवा. तेवढ्यात नाडी, बीपी, ऑक्सिजन, साखरही बघून होते. ईसीजी फसतो तो बहुधा लीड लावताना. आपल्याकडची दमट हवा, त्यात अटॅकचा घाम, म्हणून इलेक्ट्रोड (वायर जोडायची चकती) चिकटत नाही आणि रेघ थरथरते. छाती टॉवेलने कोरडी करायची, केस असले तर तिथले काढायचे. व्ही१, व्ही२ ही छातीवरची पहिली दोन लीड छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना, चौथ्या बरगडीखालच्या फटीत. घाईत ते वर सरकतात आणि ईसीजी दिशाभूल करतो. लीड १ पूर्ण उलटी आली, तर आधी हातांच्या वायरींची अदलाबदल झाली नाही ना, ते पाहा. लीड २, ३, एव्हीएफमध्ये (या हृदयाचा खालचा भाग दाखवतात) एसटी हा रेघेचा तुकडा वर गेलेला दिसला, की छातीवरचं चौथं लीड व्ही४ उजव्या बाजूला लावून बघायलाच हवं. हृदयाचा उजवा कप्पा अटॅकच्या तावडीत सापडला असेल, तर सॉर्बिट्रेटने (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) बीपी धाडकन पडतं.

म्हणूनच शेजाऱ्याच्या डबीतली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची आपली सवय मला फार धोक्याची वाटते. वरचं बीपी ९०च्या खाली असेल, किंवा २४ तासांत सिल्डेनाफिल, ४८ तासांत टाडालाफिल (दोन्ही लैंगिक ताठरतेच्या गोळ्या) घेतली असेल, तर ती द्यायचीच नाही. घरच्यांसमोर हे कोणी कबूल करत नाही. पेशंटला बाजूला विचारावं लागतं. ॲलर्जी वा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, चावून. ऑक्सिजन लावायचा तो रक्तातलं प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच.

एसटी चढलेला असेल आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) होण्यासारखी नसेल, तर जवळच्या सोय असलेल्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, गोमेकॉ नंतर. दुखणं सुरू झाल्यापासून १२ तासांपर्यंत ते देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून ‘गॅस’ म्हणून सोडू नये. दुखत असेल तर १५-२० मिनिटांनी पुन्हा काढतात. मधुमेही आणि बायकांमध्ये तर कधी नुसती धाप नि मळमळच असते.

पेशंटला गाडीपर्यंत चालवू नका, जिना तर नाहीच. स्वतःच्या कारने निघालात आणि वाटेत हृदय थरथरून थांबलं, तर शॉक द्यायला यंत्र नसतं. १०८ येईपर्यंत दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. चालू गोळ्या आणि जुना ईसीजी हाताशी काढून ठेवा.